जंगलाची खतावणी : राधानगरी, शाळेची सहल आणि पाण्याचा हिशेब

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. जुनी खाती बंद होतात, नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर हळद-कुंकू वाहिले जाते. गुळाच्या अडतीत कीर्द-खतावणी लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. वनशास्त्र मी कोठे शिकलो नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ने जंगलाची ओढ लावली, पुढे मिळतील ती पुस्तके, सरकारी अहवाल आणि राधानगरी परिसरातली भटकंती यांतून जे कळले तेवढेच माझे भांडवल. मात्र जमा-खर्च लिहिण्याच्या सवयीमुळे एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. आपण शाळेतल्या मुलांना जंगल दाखवतो, पण त्या जंगलाशी त्यांचे खाते उघडून देत नाही. पाहुणा जसा येतो, जेवतो आणि जातो, तशी आपली मुले दाजीपूरला जाऊन येतात. वास्तविक कोल्हापूरचे प्रत्येक मूल त्या जंगलाचे जन्मापासूनचे खातेदार आहे. हे खाते शाळेत कसे शिकवता येईल, याचा विचार या लेखात करायचा आहे.

एका सहलीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका शाळेच्या नववीच्या मुलांबरोबर मी दाजीपूरला गेलो होतो. शाळेचे नाव महत्त्वाचे नाही, कारण बहुतेक सहली अशाच असतात. बसमध्ये गाणी लागली होती. जंगलात शिरल्यावरही ती बंद करायला बराच वेळ गेला. मुलांनी गवा कोठे आहे हे विचारले, गवा दिसला नाही, मुले नाराज झाली. वेफरच्या पिशव्या उघडल्या गेल्या. सड्यावर फोटो निघाले. परतीच्या वाटेवर एका मुलीने मला विचारले, “काका, आमच्या आज्ज्याच्या शेतात गवा रोज येतोय. तिथं तो फुकट दिसतोय, आन् ऊसबी खातोय. मग हितं त्याला बघायला पैसे कशाला द्यायचे?”

माझ्याजवळ तेव्हा धड उत्तर नव्हते. शिक्षक हसले, मुलेही हसली. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. पर्यटन, शेती, पाणी आणि वन्यजीव या चारही गोष्टी त्या एका प्रश्नात होत्या. त्या मुलीला जे ठाऊक होते ते तिच्या भूगोलाच्या पुस्तकात नव्हते, आणि पुस्तकात जे होते ते त्या सहलीत कोणी उघडले नव्हते.

धडे आहेत, पण वेगवेगळ्या तासांना

आपल्या अभ्यासक्रमात हा विषय नाही असे कोणी म्हणू नये. पर्यावरण शिक्षण शाळा-महाविद्यालयांत सक्तीचे करावे असे सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्येच सांगितले. राज्य मंडळाच्या नववीच्या भूगोलात ‘पर्यटन’ हा स्वतंत्र पाठ आला. दहावीच्या भूगोलाची सुरुवातच ‘क्षेत्रभेट’ या पाठाने होते, आणि शेवटच्या पाठात पुन्हा पर्यटन येते. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ नावाचा विषय आहे. इतिहासात राजर्षी शाहू महाराज आहेत. विज्ञानात परिसंस्था आहे.

अडचण अशी की हे सगळे वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या वह्यांत राहते. पर्यटनाचा पाठ परकीय चलन आणि रोजगार सांगतो. जलसुरक्षेचा विषय पाणी जपून वापरा म्हणतो. शाहू महाराजांच्या धड्यात धरण येते. ते धरण, ते पाणी आणि ते पर्यटन एकाच तालुक्यात, एकाच डोंगराच्या कुशीत आहे, हे मुलाला कोणी सांगत नाही. अडतीत असे झाले असते तर आम्ही म्हटले असते, कीर्द लिहिली पण खतावणी घातली नाही. कीर्दीत रोजच्या नोंदी सुट्या असतात. त्या ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवल्या म्हणजे येणे-देणे समजते.

धरण आणि अभयारण्य

आता आपल्या जंगलाची माहिती घेऊ. दाजीपूरचे रान हे कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे राखीव जंगल. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य ठरले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी वन्यजीव अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि आपले राधानगरी.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतला फरक मुलांना सुरुवातीलाच सांगावा, कारण मोठ्यांनाही तो ठाऊक नसतो. दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू ठेवता येतात, परवानगीने गुरे चारता येतात. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला मुळीच मुभा नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवरचे चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. चांदोलीतल्या गावांना आपली घरे-शेते सोडून बाहेर यावे लागले, आणि त्यांच्या पुनर्वसनासाठी कोल्हापूरच्या रस्त्यांवर किती वेळा आंदोलने झाली हे इथल्या वाचकांनी पाहिले आहे. ‘राष्ट्रीय उद्यान’ या शब्दाची किंमत कोणी मोजली, हाही धड्याचा भाग आहे.

राधानगरीचे वैशिष्ट्य असे की हे जंगल दोन मोठ्या जलाशयांच्या पाणलोटात आहे. भोगावतीवरचे राधानगरी धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. पैशाअभावी काम रखडले. महाराज १९२२ मध्ये गेले आणि धरण पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचे दशक उजाडले. दुसरे दूधगंगेवरचे काळम्मावाडी. राधानगरीची साठवण ८.३६ टीएमसी, काळम्मावाडीची २५.३९ टीएमसी. २०२३ च्या नोव्हेंबरात काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने शहरात आले. म्हणजे पूर्वी बालिंगा-शिंगणापूरच्या उपशाने नदीतून जे पाणी घरी येत होते, ते आता पन्नासहून अधिक किलोमीटरच्या नळीतून जंगलाच्या पायथ्यापासून येते. शहरातल्या मुलाच्या घरचा नळ आणि दाजीपूरचा डोंगर यांच्यात आता फक्त एक पाइप आहे.

पहिले खाते : पाणी

म्हणून मी सुचवतो की वर्गात पहिले खाते पाण्याचे उघडावे. पावसाळ्यात कोल्हापुरात लहान मुलालासुद्धा दोन गोष्टी ठाऊक असतात : राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट, आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांना वीज लागत नाही. तलाव भरला की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते, हा आकडा दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतो.

हा आकडा गणिताच्या तासाला घ्यावा. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. १४२८ ला त्याने गुणले की सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर होतात. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण धरले, तर एका दरवाजातून एका सेकंदात सुमारे ३०० माणसांचे दिवसभराचे पाणी जाते. मग विचारावे, हे पाणी आले कोठून? कोल्हापूर शहरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या कितीतरी पट घाटमाथ्यावर पडतो. तो सड्यांच्या जांभ्या दगडात, मुळांच्या जाळ्यात आणि पालापाचोळ्याखालच्या मातीत मुरतो, आणि पावसाळा संपल्यावर महिनोन्महिने झऱ्यांतून हळूहळू पाझरतो.

इथे एक खबरदारी घ्यावी. ‘झाडे पाऊस आणतात, झाडे पूर थांबवतात’ अशी सोपी वाक्ये मुलांना देऊ नयेत. २०१९ आणि २०२१ चे महापूर मुलांनी स्वतः पाहिले आहेत. जमीन एकदा तुडुंब भिजली की जंगलही सलग मुसळधार पाऊस सामावून घेऊ शकत नाही. जंगलाचे खरे काम वेगळे आहे. ते माती धरून ठेवते, त्यामुळे तलावात गाळ कमी जातो आणि धरणाची साठवण टिकते. उन्हाळ्यात ते ओढे वाहते ठेवते. बँकेतल्या ठेवीच्या व्याजासारखे हे काम आहे. थोडे थोडे, पण बारमाही.

याच पाण्यावर पुढे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे भरतात. बंधाऱ्यावर ऊस आणि उसावर गूळ-साखर. ज्या गुळाच्या पावत्या मी तीस वर्षे लिहिल्या, त्यांतली पहिली नोंद दाजीपूरच्या नावावर जमा धरायला हवी होती, हे मला फार उशिरा समजले.

दुसरे खाते : गवा

गवा हा रानगाईच्या कुळातला जगातला सर्वांत मोठा प्राणी. पूर्ण वाढलेला नर टनाच्या आसपास भरतो. कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे सर्वोच्च संरक्षण आहे. त्याला गवत, कोवळा पाला, पाणी आणि शांतता लागते. गवताळ जागा कमी झाल्या, रानमोडीसारखी बाहेरची झुडपे माजली, आणि जंगलाच्या कडेला हिरवागार ऊस उभा राहिला, तर तो बाहेर येणारच. उसात चारा आहे, पाणी आहे आणि दडायला जागा आहे.

हे खाते लिहिताना त्या मुलीच्या आजोबांची नोंद आधी घ्यावी. गव्याने पीक खाल्ले तर वनखात्याकडे अर्ज करायचा, पंचनामा होतो, मग भरपाई मिळते. मुलांनी आपल्या गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून लिहावे : नुकसान किती, भरपाई किती, पैसे यायला दिवस किती, आणि रात्रीच्या राखणीची मजुरी कोणी धरली? पर्यटकाला गवा दिसावा म्हणून शेतकरी जी किंमत मोजतो, ती या तीन-चार रकान्यांत दिसते.

डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूड भागात एक गवा भरकटत आला. त्याच्यामागे गर्दी धावली, मोबाइल निघाले, आणि पकडण्याच्या धावपळीत तो मेला. त्या गर्दीत वाईट हेतूने आलेले फार कोणी नसावेत. त्यांना जनावर म्हणजे बघण्याची वस्तू एवढेच शिकवलेले होते. सहलीत ‘गवा दिसला नाही’ म्हणून हिरमुसणारी मुले आणि ती गर्दी यांच्यातले अंतर मला फार वाटत नाही. म्हणून जंगलात गेल्यावर गवा बघायला सांगण्याऐवजी गव्याच्या खुणा शोधायला सांगाव्यात : खूर, शेण, मोडलेला कारवीचा शेंडा, पाणवठ्याकडची वाट. खुणा हमखास सापडतात आणि त्यांना आवाजाचा त्रास होत नाही.

तिसरे खाते : पाहुणा

आता पर्यटन. वन्यजीव कायद्याच्या २८ व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कोणकोणत्या कारणांसाठी देता येते ते दिले आहे. त्यात पहिले कारण वन्यजीवांचा अभ्यास आहे. मग छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, आणि त्यानंतर पर्यटन. या क्रमाला कायद्याच्या दृष्टीने विशेष अर्थ नसेलही, पण शाळेने आपण कोणत्या कारणासाठी आत जात आहोत हे निघण्याआधी ठरवावे.

किती पाहुणे झेपतील, हा पर्यटनातला मुख्य प्रश्न. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन तात्पुरते थांबवले होते. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि बंदी उठली. त्या तत्त्वांत धारणक्षमता मोजण्याची पायरी-पायरीची रीत आहे. राधानगरी व्याघ्र प्रकल्प नाही, पण रीत कोठेही वापरता येते, आणि नववीच्या मुलाला ती सहज जमते.

समजा, जंगलातला रस्ता १० किलोमीटरचा आहे. दोन गाड्यांत अर्धा किलोमीटर अंतर हवे, म्हणजे एका वेळी २० गाड्या. एका फेरीला अडीच तास लागतात आणि रस्ता दिवसात साडेसात तास खुला असतो, म्हणजे तीन फेऱ्या. २० गुणिले ३, एकूण ६० गाड्या. ही झाली नुसती जागेची क्षमता. आता जनावरांच्या शांततेसाठी २० टक्के वजा करू, उरल्या ४८. रस्त्याची धूप होते म्हणून त्यातून आणखी १० टक्के वजा, उरल्या ४३. आणि लक्ष ठेवायला हवेत त्याच्या निम्मेच वनरक्षक असतील, तर शेवटी २१. हे सारे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. खरे आकडे मुलांनी वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारून भरावेत. साठाचे एकवीस कसे झाले हे ज्याने स्वतः मांडले, तो जोडसुट्टीला ‘गाडी आत का सोडत नाही’ म्हणून नाक्यावर भांडणार नाही.

पाहुणा काय देतो तेही मोजावे. सहलीहून आल्यावर सगळा खर्च फळ्यावर लिहावा आणि प्रत्येक रकमेपुढे ती कोणाच्या हाती गेली ते मांडावे. आमच्या सहलीचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. मोठी रक्कम बसमालकाला, त्याखालची शहरातल्या खाऊच्या दुकानाला, प्रवेशशुल्क शासनाकडे, आणि जंगलाशेजारच्या गावात राहिले ते वाटाड्याचे आणि चहाचे पैसे. सर्वांत लहान आकडा तोच होता. जेवण गावातल्या महिला बचत गटाकडे सांगितले असते, तर तोच खर्च वेगळ्या खात्यावर पडला असता. राधानगरीत अलीकडे काजवा महोत्सव होतो, फुलपाखरू उद्यान आहे. यातून स्थानिकांना काम मिळते ही चांगलीच गोष्ट. मात्र काजवा आपल्या प्रकाशाने जोडीदाराला खूण करतो. तिथे मोटारीचे दिवे आणि मोबाइलचे फ्लॅश पडले, तर त्याची खूण हरवते. अंधार हीसुद्धा जंगलाची एक साधनसंपत्ती आहे, आणि तीही खर्ची पडते, हे मुलांना या एका उदाहरणावरून पटते.

शाळेत करायचे कसे

यासाठी नवा विषय नको, नवे पुस्तक नको. एक शंभर पानी वही पुरे. तिचे चार भाग करावेत : पाणी, गवा, गाव आणि पाहुणा. प्रत्येक भागात डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.

सहलीच्या आधी दोन तास द्यावेत. एकात नकाशावर आपल्या नळापासून काळम्मावाडीपर्यंत किंवा आपल्या विहिरीपासून भोगावतीपर्यंत रेघ काढावी. दुसऱ्यात धारणक्षमतेचे गणित करावे. जंगलात चाळीस-पन्नास मुलांचा एक घोळका न करता दहा-दहांचे गट करावेत. एका गटाने पाणवठा, एकाने खुणा, एकाने रस्त्यावरचा कचरा मोजावा, आणि एकाने गावात बसून वडीलधाऱ्यांशी बोलावे. या शेवटच्या गटात शेतकऱ्यांची मुले असावीत, कारण काय विचारायचे ते त्यांना बरोबर ठाऊक असते. पावसाळ्यात जंगल पर्यटकांना बंद असते, तेव्हा वर्गात बसून राजाराम बंधाऱ्याची रोजची पातळी वहीत उतरवावी.

अमेरिकेत यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये झाले. तिथल्या उद्यानांत आता मुलांना एक पुस्तिका देतात. मूल ती भरते, वनाधिकारी तपासतो, आणि बिल्ला देतो. आपल्याकडे बिल्ला नसला तरी चालेल. पण मुलाची वही एखाद्या वनरक्षकाने दहा मिनिटे चाळली, तर दोघांनाही काही मिळेल. जंगलाच्या कडेच्या गावांतली मुले आज शाळेत आहेत. उद्या वाटाडे, वनरक्षक, सरपंच त्यांच्यातूनच होणार आहेत.

राधानगरीत २०२२ मध्ये कॅमेऱ्यात आलेला एक वाघ डिसेंबर २०२३ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात टिपला गेला. म्हणजे दोन संरक्षित जंगलांमधली शेते, सडे, देवराया आणि गावे ओलांडून तो गेला. त्या वाटेवर कोठलाही फलक नाही. ती वाट राहील की नाही, हे त्या गावांतली माणसे ठरवतील.

त्या मुलीच्या प्रश्नाला आज उत्तर द्यायचे झाले तर मी म्हणेन : पोरी, पैसे गवा बघायचे नाहीत. तुझ्या आजोबांच्या विहिरीला ज्या डोंगरातून पाणी येते, तो डोंगर राखण्याचे आहेत. आणि त्यातले पुरेसे पैसे आजोबांपर्यंत पोहोचत नसतील, तर ती बाकी येणे म्हणून वहीत लिहून ठेव आणि ग्रामसभेत मोठ्याने वाच. अडतीत एक नियम असतो. जे येणे लिहिलेले नसते, ते कधीच वसूल होत नाही.